निघून जाण्याची सोय

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या ग्रंथपाल गुरुजींच्या स्मरणार्थ हे पुष्प गुंफलं जातं, त्यांचा संगणकाशी कधी संबंध आला नाही. त्यामुळे घरातला सर्व्हर आणि विकेंद्रित समाजमाध्यमं हा विषय मी सुचवला, तेव्हा कार्यवाह फोनवर जरा वेळ गप्पच राहिले. मी त्यांना एवढंच म्हटलं, की गुरुजी दाखल नोंदवही ठेवायचे आणि आज आपल्यापैकी एकाकडेही स्वतःच्या मजकुराची दाखल नोंदवही नाही. फोटो कुठे आहेत? 'मोबाइलमध्ये.' पत्रं? 'मेलमध्ये.' आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी जगभरच्या मराठी मित्रांशी रात्र रात्र घातलेले वाद? इथे माणूस अडखळतो.

अडखळतो, कारण ते वाद जिथे झाले ती जागाच उरलेली नाही. जिओसिटीजवर लाखो लोकांनी हौसेने आपापली पानं मांडली होती. याहूने ती कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट २००४ साली आलं. आपल्याकडे त्याचं केवढं वेड होतं, गावागावांचे, शाळाशाळांचे समूह होते. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने तेही गुंडाळलं. यात बेकायदा काहीही नव्हतं. दुकान त्यांचं होतं, त्यांनी शटर ओढलं. प्रश्न आपला आहे. इतक्या वेळा शटर पडताना पाहूनही आपण दर वेळी त्याहून मोठ्या दुकानात जाऊन बसलो.

त्याच काळात दुसरंही काही चाललं होतं. मायबोली १९९६ साली सुरू झाली, तीही परदेशातल्या मराठी माणसांच्या हौसेतून. पुढे मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे अशी संकेतस्थळं आली. त्यांच्यामागे मोठं भांडवल नव्हतं. कुणीतरी सर्व्हरचं भाडं भरत होतं, कुणीतरी रात्री जागून भांडणं सोडवत होतं. तिथल्या पाककृती, प्रवासवर्णनं आणि शुद्धलेखनावरची कधीही न संपणारी भांडणं यांचा पुष्कळसा भाग आजही वाचता येतो. ऑर्कुटमागे जगातली एक बलाढ्य कंपनी होती, तरी ते गेलं. आकाराने मोठं म्हणजे टिकाऊ, हा आपला समज इथेच डळमळायला हवा.

मात्र जागा स्वतःची असली की सगळं साधलं, असंही नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ठरावीक फॉन्टवर अवलंबून असायचा. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हं. त्या काळच्या फायली कित्येकांच्या कपाटात सुखरूप आहेत आणि वाचता मात्र येत नाहीत. जागा आपली हवी हे खरंच, पण मजकूर ज्या नियमांनी लिहिला-वाचला जातो ते नियमही कुणा एकाचे असून चालत नाहीत.

अशा सामाईक नियमांवर चालणारी एक गोष्ट आपण सगळे रोज वापरतो, ती म्हणजे ईमेल. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते प्रसिद्ध वेलांटीदार चिन्ह टाकलं. १९८२ मध्ये पत्रांच्या देवाणघेवाणीचे नियम पक्के होऊन सर्वांसाठी खुले झाले. म्हणून आज जीमेलवरून याहूवर पत्र जातं आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर संदेश जात नाही, त्याचंही काही वाटत नाही. खरं तर वाटायला हवं. तांत्रिकदृष्ट्या दुसरं काम पहिल्यापेक्षा फार अवघड आहे असं नाही. तिथे इच्छा नाही, इतकंच. युरोपीय संघाला त्यासाठी २०२२ साली कायदा करावा लागला.

गप्पांच्या बाबतीतही खुले नियम होतेच. जॅबर नावाची पद्धत १९९९ मध्ये आली. गूगल टॉकने २००५ मध्ये तीच उचलली आणि २००६ मध्ये इतरांच्या सर्व्हरांना दारं उघडली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना कोण आनंद झाला! लोकांनी घरच्यांना, मित्रांना गूगलवर नेलं, कारण तिथून सगळीकडे बोलता येत होतं. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि दारं लावून घेण्याचा रस्ता धरला. नियम खुलेच राहिले. माणसं मात्र आतल्या बाजूला राहिली. ही हकीकत ध्यानात ठेवा, तिची पुन्हा गरज लागणार आहे.

आता घराकडे येऊ. घरातला सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित खोली आणि लुकलुकणारे दिवे येतात. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत तो म्हणजे मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप असतो. टीव्हीच्या फडताळात, राउटरच्या शेजारी, पडद्याची घडी मिटलेली, मागे इंटरनेटची वायर. त्यावर डेबियन किंवा तसलीच एखादी लिनक्स प्रणाली. वीज गेली तर त्याची बॅटरी तासभर तग धरते, म्हणजे यूपीएसचा खर्च वाचला. मात्र चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवल्याने बॅटरी फुगते, तेव्हा मधूनमधून उचलून खालून हात फिरवून बघायचा. मे महिन्यात फडताळाचं दार उघडं ठेवायचं. असा लॅपटॉप नुसता बसून असताना साधारण दहा वॅट खातो, म्हणजे महिन्याला सव्वासात युनिटच्या आसपास. लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो ३५ डॉलरला बाजारात आला, तेव्हापासून पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर हे उद्योग करणाऱ्यांची मोठी जमात तयार झाली.

त्यावर चालतं काय? नेक्स्टक्लाउडमध्ये फायली, कॅलेंडर आणि फोन नंबर राहतात. जेलीफिन घरातल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती सांभाळतं. आणि सध्या घरोघरी शिरकाव होतोय तो इमिचचा. रात्री फोन चार्जिंगला लावला की दिवसभरातले फोटो वायफायवरून त्या लॅपटॉपमध्ये उतरतात. आजीचा चेहरा एकदा दाखवला की हे सॉफ्टवेअर साखरपुड्यापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचे आजीचे फोटो गोळा करून देतं. चेहरे ओळखण्याचं हे काम त्या फडताळातच होतं, फोटो बाहेर जात नाहीत. या एका गोष्टीसाठी मी कुणालाही हा खटाटोप करायला सांगेन.

मग अडतं कुठे? घराबाहेर पडल्यावर. पुण्यातल्या घरातला फोटो नागपूरच्या गाडीत बसून बघायचा असेल तर बाहेरून आत यायला पत्ता लागतो, आणि पत्तेच संपलेत. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते मावतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. म्हणून कंपन्या शेकडो घरं एकाच पत्त्यामागे उभी करतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरच्याला मात्र तुमचं दार सापडत नाही. आपल्या केबलवाल्याला विचारलं तर तो लगेच म्हणतो, 'सर, स्टॅटिक आयपी घ्या ना, वेगळे चार्जेस पडतील.' ते नको असेल तर बाहेरून सापडणाऱ्या एखाद्या मधल्या सर्व्हरमार्फत वायरगार्डसारखा खासगी बोगदा खणता येतो. घरच्यांपुरतं तेवढं पुरतं आणि सुरक्षितही असतं. नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही सिक्सचे, पत्ते अमाप आहेत आणि भारतात त्यांचा प्रसारही जोरात झाला. पण राउटरचं सेटिंग नीट नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

इथे माझं मत स्पष्टच सांगतो. फोटो घरी ठेवा, पुस्तकं ठेवा, गाणी ठेवा. ईमेल घरी चालवायला जाऊ नका. नियम कागदावर खुले आहेत, पण घरगुती जोडणीवरून पत्र बाहेर पाठवण्याचा मार्ग बऱ्याच ठिकाणी बंद असतो. उघडा असला तरी मोठे मेलवाले घरच्या पत्त्यावरून आलेल्या पत्राला सरळ स्पॅममध्ये ढकलतात. मुलाखतीला येतो असं कळवलेलं पत्र स्पॅममध्ये सापडलं, म्हणजे स्वातंत्र्याची किंमत फारच झाली.

आणि बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, हा धंद्यातला जुना दंडक आहे. सर्व्हर बसवणारे दहा जण भेटतात, बॅकअपमधून खरोखर परत काढून बघणारा एखादाच. त्याहून मोठी अडचण कुणी बोलत नाही ती अशी, की घरात हे सगळं जमणारा माणूस सहसा एकच असतो. तो गेला की काय? गूगलकडे निदान मागे राहिलेल्यांसाठी एक फॉर्म असतो. फडताळातल्या लॅपटॉपचा पासवर्ड बायकोला माहीत नसतो, आणि असला तरी त्या काळ्या पडद्यावर पुढे काय टंकायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. एकट्याची मालकी ही त्या माणसाच्या आयुष्याएवढीच लांब असते. स्मृतिव्याख्यानात हे बोलायला हरकत नसावी.

म्हणून मला घरातल्या सर्व्हरपेक्षा जास्त रस आहे तो त्याच्या पुढच्या पायरीत, जिथे काही माणसं मिळून सर्व्हर चालवतात आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात.

याची सुरुवात २००८ मध्ये इव्हान प्रोड्रोमू यांच्या आयडेंटिका या सेवेने झाली म्हटलं तरी चालेल. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरासाठी लोकांकडून दोन लाख डॉलर जमवले. वर्तमानपत्रांनी त्यांना फेसबुकचे मारेकरी ठरवून टाकलं, आणि त्या ओझ्याखाली तो प्रकल्प वाकला. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने मास्टोडन आणलं. आणि २३ जानेवारी २०१८ ला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ॲक्टिव्हिटीपब या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं.

ती चालते कशी, हे एका उदाहरणाने बघू. समजा, या वाचनालयाचा एक सर्व्हर आहे आणि त्यावर तुमचं खातं आहे. तुमचा पत्ता ईमेलसारखाच, आधी तुमचं नाव आणि मग वाचनालयाचं. टोरांटोतल्या तुमच्या भाच्याचं खातं तिथल्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहे आणि तो तुम्हाला फॉलो करतो. तुम्ही दोन ओळी लिहिल्या. इथला सर्व्हर बघतो, आपल्या या सभासदाचे वाचक कुठे कुठे आहेत. मग ज्या ज्या सर्व्हरवर ते आहेत, त्यांच्या टपालपेटीत त्या ओळींची प्रत टाकतो आणि सोबत डिजिटल सही करतो. टोरांटोचा सर्व्हर उलट इथे येऊन सहीची किल्ली मागतो, ताडून बघतो आणि मगच भाच्याच्या पानावर त्या ओळी दाखवतो. मधे तिसरा कुणी नाही. कुणाला काय आधी दाखवायचं, कशाने राग येईल आणि माणूस आणखी अर्धा तास खिळून राहील, हे ठरवणारंही कुणी नाही. लिहिलेलं कालक्रमाने येतं. आणि तिथे फक्त मास्टोडनच हवं असं बंधन नाही. पीअरट्यूब या चित्रफितींच्या सॉफ्टवेअरवरचं व्याख्यान मास्टोडनवरून ऐकता येतं, खाली अभिप्रायही देता येतो.

भारतात या गोष्टीची चर्चा झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. नाझी सलामीसाठी शेकडो हात उठलेले असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा माणूस, असा हॅम्बुर्गच्या गोदीतला १९३६ चा फोटो त्यांनी लावला होता. यंत्राला म्हणे त्यात द्वेष दिसला. निषेध म्हणून पुष्कळ भारतीय मास्टोडनवर गेले. पुढची लाट २७ ऑक्टोबर २०२२ नंतरची. ४४ अब्ज डॉलर मोजून इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं, तेव्हाची. दोन्ही लाटांतली बरीच मंडळी काही महिन्यांत परतली. नव्या जागी ओळखीचं कुणी नव्हतं, ट्रेंड नव्हते, भांडायलाही कुणी नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. माणूस माणसांसाठी जातो, नियमावलीसाठी जात नाही.

पण राहिलेल्यांना काय मिळालं? माझ्या मते, निघून जाण्याची सोय. सर्व्हरचालकाशी पटलं नाही तर खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं, आणि मागचे वाचक आपोआप सोबत येतात. फेसबुक सोडायचं तर सगळा गोतावळा सोडावा लागतो. इथे घर बदलतं, गोतावळा राहतो. ज्याला जाता येतं त्याच्याशी चालक नीट वागतो, इतकी साधी ती गोष्ट आहे. मालकीबद्दल आपण फार बोलतो. मला मालकीपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

तरी ही सोय पुरी नाही, हेही सांगायला हवं. वाचक सोबत येतात, जुनं लिखाण मागे राहतं. आणि जागा छोटी म्हणून ती बंद पडत नाही असंही नाही. मास्टोडन डॉट टेक्नॉलॉजी हा बऱ्यापैकी मोठा सर्व्हर. त्याच्या एकट्या चालकाला घरच्या जबाबदाऱ्यांमुळे वेळ देणं अशक्य झालं आणि २०२२ च्या अखेरीस तो बंद झाला, अगदी ज्या वेळी लोक ट्विटर सोडून आसरा शोधत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचं नावच गेलं. ते शेवटचं एएफ म्हणजे अफगाणिस्तान, आणि तिथलं राज्य आता तालिबानचं. गमतीदार वाटलं म्हणून घेतलेलं नाव कुणाच्या हुकमतीखाली आहे, हे घेताना कुणी बघितलं नव्हतं.

आणि राबणं आहे. गणपती मंडळात वर्गणी सगळे देतात, आरतीला सगळे येतात, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायला चारच जण उरतात. सर्व्हरचं तसंच. शिव्या कोण काढणार, लहान मुलांचे घाणेरडे फोटो पाठवणाऱ्याला कोण हाकलणार, रात्री दोन वाजता डिस्क भरली तर कोण उठणार? २०१९ मध्ये गॅब हे कडव्या उजव्यांचं ठिकाण मास्टोडनचं सॉफ्टवेअर घेऊन उतरलं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्यांना अडवता येत नव्हतं. पण शेकडो सर्व्हरचालकांनी आपापल्या दाराला कडी लावली आणि गॅब एकटं पडलं. वरून हुकूम नव्हता, प्रत्येकाने आपापलं ठरवलं. आपापलं ठरवायचं म्हणजे प्रत्येकाला तो मजकूर स्वतः बघावा लागला, हेही विसरू नये. मेटाच्या थ्रेड्सने २०२४ मध्ये काही देशांत याच जाळ्याशी जोडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक चालकांनी दार आधीच लावून ठेवलं होतं. गूगल टॉकची हकीकत ते विसरले नव्हते.

आपल्याकडे कायदाही आहे. २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांवर जादा बंधनं घातली, त्यासाठी नोंदणीकृत वापरकर्त्यांची मर्यादा ५० लाख आहे. आपला दोनशे जणांचा सर्व्हर तिथपर्यंत जाणार नाही. पण मध्यस्थ म्हणून तक्रार ऐकणाऱ्याचं नाव त्यालाही जाहीर करावं लागतं, आणि २०२२ च्या आदेशानुसार कुणी घुसखोरी केली तर सहा तासांत सरकारला कळवावं लागतं. जाता जाता एक विसंगती सांगतो. मे २०२३ मध्ये आपल्या सरकारने चौदा संदेश-ॲपांवर बंदी घातली, त्यात एलिमेंट होतं. ते ज्या मेट्रिक्स पद्धतीवर चालतं, त्याच पद्धतीवर फ्रान्स सरकारने २०१९ पासून आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वतःचं ॲप चालवलेलं आहे.

फ्रान्सचा विषय निघालाच आहे, तर या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणी वाटलेली संस्था तिथलीच आहे. फ्रामासॉफ्ट. पीअरट्यूब त्यांचंच. २०१४ मध्ये त्यांनी गूगलला पर्याय म्हणून एकेक सेवा सुरू केली आणि हळूहळू तीसेक झाल्या. लोक धावले. २०१६ मध्ये त्यांनी छोट्या सेवाचालकांचं एक मंडळ उभं केलं, आणि २०१९ मध्ये आपल्या बऱ्याचशा सेवा टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं. पैसे संपले म्हणून त्यांनी हे केलेलं नाही. सगळे आपल्याकडेच येऊ लागले तर आपणच नवं केंद्र होऊ, म्हणून. वाढता वाढता थांबलेली संस्था आपल्या पाहण्यात किती आहेत, ते आपण मोजावं.

सोशल डॉट कूप हा मास्टोडन सर्व्हर २०१७ पासून सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात आणि नियमांवर मतदान करतात. भारतात प्रव नावाचं ॲप सहकारी संस्थेच्या रूपाने चालवावं म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते खटपट करत आहेत. आता सांगा, सहकार, वर्गणी, वार्षिक सर्वसाधारण सभा, त्या सभेत ताळेबंदावरून होणारी खडाजंगी, हे सगळं महाराष्ट्राला कुणी शिकवायला हवं का? १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे आहेत. त्यांना जागा आहे, घटना आहे, सभासद आहेत आणि दप्तर सांभाळायची सवय आहे. सर्व्हरला जे लागतं त्यातलं संगणक सोडून बहुतेक सगळं त्यांच्याकडे आहे.

तेव्हा विश्वस्तांपुढे माझी सूचना अशी. एकदम समाजमाध्यम काढू नका. आधी या व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणं आणि गावाचे जुने फोटो एका यंत्रावर आणा, आणि त्याची दुसरी प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा, त्यांची तुम्ही ठेवा. वर्षातून एकदा सभासदांसमोर ती प्रत उघडून दाखवा. ते जमलं तर दोनशे सभासदांपुरता मास्टोडनचा सर्व्हर, तोही ओळखीने प्रवेश देऊन. दोनशे एक झाले तर शेजारच्या वाचनालयाला दुसरा काढायला सांगा. अंदाजपत्रकात त्याचं वेगळं शीर्ष ठेवा, मानधन धरून. फुकट राबणारा माणूस दुसऱ्या वर्षी दिसत नाही. चाव्या दोघांकडे हव्यात, आणि तिसरी प्रत पाकिटात घालून तिजोरीत.

आणि डोमेनचं नाव संस्थेच्या नावावर घ्या, संस्थेच्या मोबाइल नंबरावर. उत्साही तरुणाच्या नावावर नको. तो फार चांगला मुलगा असतो, सगळं फुकटात करून देतो, मग त्याला बंगळुरूला नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि नूतनीकरणाच्या दिवशी ओटीपी कुठे गेला म्हणून कार्यकारिणी फोन फिरवत बसते. प्रश्नांसाठी कार्यवाहांनी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. केबलवाल्याबद्दलचे प्रश्न कृपया शेवटी घ्या, ते लांबतात.